आफ्रिकन वंशाचे पुरुष, प्रोस्टेट कॅन्सर आणि जीन्स: अशी बातमी वाचायची कशी आणि त्यातून घ्यायचं काय

"ब्लॅक पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचे नवे जीन सापडले" अशी बातमी दर काही महिन्यांनी फिरते, लोक फॉरवर्ड करतात आणि पुढे कोणालाच कळत नाही की याचं करायचं काय. आपल्यातले कितीतरी जण लंडनला, ह्यूस्टनला, नैरोबीला हॉस्पिटलात नर्स किंवा डॉक्टर आहेत, कोणी पुण्यात बायोटेक शिकतंय, कोणाचा जावई घानाचा आहे, कोणाचा ऑफिसमधला जवळचा मित्र जमैकन. त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, या विषयात जीन्सचा भाग खरा आहे आणि मोठा आहे, पण तो चुकीचा वाचला तर माणूस एकतर उगाच घाबरतो नाहीतर उगाच निश्चिंत होतो, आणि मला विचाराल तर दुसरं जास्त धोक्याचं.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी, तिचा हा कॅन्सर. आधी आकडे. अमेरिकेत एकूण पुरुषांमध्ये साधारण ८ पैकी १ जणाला आयुष्यात कधीतरी प्रोस्टेट कॅन्सरचं निदान होतं, ब्लॅक पुरुषांमध्ये ६ पैकी १, आणि त्याने मृत्यू होण्याचं प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे. ब्रिटनमध्ये ब्लॅक पुरुषांत ४ पैकी १, गोऱ्यांत ८ पैकी १. दोन देशांचे आकडे वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, कारण पुढे कोणी "ब्लॅक लोकांमध्ये इतका टक्के" असं सरसकट म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कुठल्या देशातले?

बातमी हातात आली की पहिलं काम, सॅम्पल कोणाचं ते शोधा. म्हणजे अभ्यासात माणसं किती होती आणि त्यातली आफ्रिकन वंशाची किती. हे पेपरच्या पहिल्याच परिच्छेदात असतं आणि तो भाग बहुतेक वेळा फुकट वाचता येतो. उदाहरण देते, २०२३ साली नेचर जेनेटिक्स या संशोधन मासिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात दीड लाखापेक्षा जास्त पेशंट होते आणि रिस्कशी जोडलेल्या डीएनएतल्या ४५१ जागा त्यात मोजल्या गेल्या, पण दीड लाखात आफ्रिकन वंशाचे पेशंट साधारण १९ हजार. १९ हजार हा छोटा आकडा नाही, उलट आधीच्या मानाने खूपच चांगला आहे, पण वजन अजून युरोपियन वंशाकडेच झुकलेलं आहे आणि निष्कर्ष वाचताना ते डोक्यात हवं.

हे इतकं का महत्त्वाचं? अशा अभ्यासात अख्ख्या जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएतल्या, लाखो ठिकाणची अक्षरं तपासतात आणि पेशंटमध्ये कुठलं अक्षर जास्त दिसतं ते बघतात. पण जे अक्षर सापडतं ते बहुतेक वेळा खरं दोषी नसतं, दोषी त्याच्या आसपास कुठेतरी असतो आणि हे फक्त खूण म्हणून उपयोगी पडतं. आपण पत्ता सांगतो ना, मारुतीच्या देवळामागचं घर, तसं. आता दुसऱ्या गावात देऊळच वेगळ्या टोकाला असेल तर तोच पत्ता घेऊन तुम्ही भलत्याच घरी पोचाल. आफ्रिकन लोकसंख्या सगळ्यात जुनी, तिथे पिढ्यान्‌पिढ्या डीएनएची अदलाबदल होऊन एकत्र राहणारे तुकडे लहान झालेले आहेत, त्यामुळे युरोपियन लोकांत पक्की वाटणारी खूण तिथे बऱ्याचदा चालत नाही. याची दुसरी बाजू चांगली आहे, तुकडे लहान म्हणजे खरा दोषी नेमका कुठे आहे ते आफ्रिकन सॅम्पलमध्ये जास्त अचूक शोधता येतं. म्हणजे आफ्रिकन लोकांना अभ्यासात घेणं हे उपकार म्हणून नाही, विज्ञानालाच त्याची गरज आहे, आणि हे मी फार मनापासून म्हणतेय.

दुसरं काम, एखादी खूण स्वतः उघडून बघा. हे कोणालाही जमतं. एनसीबीआय या अमेरिकन सरकारी संस्थेच्या साइटवर डीबीएसएनपी नावाचा फुकटचा डेटाबेस आहे, तिथे इंग्रजीत आर आणि एस ही अक्षरं आणि त्यापुढे ७२७२५८५४ हा आकडा टाका. ही जागा आठव्या क्रोमोझोमवरच्या ८क्यू२४ नावाच्या भागात आहे. हा भाग प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पहिल्यांदा पुढे आला २००६ साली, एकीकडे आइसलँडच्या अभ्यासातून आणि दुसरीकडे आफ्रिकन अमेरिकन पुरुषांच्या डीएनएत आफ्रिकेकडून आलेले तुकडे कुठे जास्त दिसतात ते मोजून. पान उघडलं की वर दिसेल, मूळ अक्षर ए आणि त्याजागी जी किंवा टी असू शकतं, म्हणजे एकाच जागी तीन पर्याय. रिस्कवालं अक्षर टी. आता खाली स्क्रोल करून फ्रीक्वेन्सीचा तक्ता बघा, आफ्रिकन ओळीत टी साधारण ६ टक्के आणि युरोपियन ओळीत जवळपास शून्य. ६ टक्के हे अक्षराचं प्रमाण आहे बरं का, माणसांचं नाही, प्रत्येकाकडे दोन प्रती असतात त्यामुळे निदान एक टी असलेले पुरुष साधारण १२ टक्के होतात. इथे बरेच शिकलेले लोकही घसरतात म्हणून मुद्दाम सांगितलं. आणि याच पानावरून समजतं की नुसता युरोपियन लोकांचा अभ्यास कितीही मोठा केला असता तरी ही जागा सापडलीच नसती, तिथे टी जवळपास नाहीच तर सापडणार कुठून.

याच जागेवर आपल्याकडे काम झालंय आणि ते फार लोकांना माहीत नसतं. बंगळुरूचं एनसीबीएस, म्हणजे मुंबईच्या टीआयएफआरचंच केंद्र, तिथल्या डिंपल नोटानी यांच्या लॅबने २०२० साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये दाखवलं की ते टी अक्षर काय करतं. ८क्यू२४ मध्ये प्रोटीन बनवणारी जीन्स फारशी नाहीत, ओसाड भाग म्हणतात त्याला, पण आजूबाजूची जीन्स चालू-बंद करणारी बटणं तिथे आहेत. टी आला की त्या बटणावर एसपीडीईएफ नावाच्या प्रोटीनला घट्ट बसायला जागा तयार होते आणि मग शेजारच्या आरएनए बनवणाऱ्या जीन्सवर आणि एमवायसी या नामांकित कॅन्सर जीनवर परिणाम होतो. म्हणजे आकडेवारीत दिसलेला संबंध पेशीत कसा घडतो याचा धागा सापडला. बातमीत जेव्हा "संबंध आढळला" एवढंच असतं तेव्हा असं काही पुढचं काम झालंय का तेही शोधून बघा, झालं असेल तर त्या खुणेवर जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही.

तिसरं काम म्हणजे "रिस्क दुप्पट" या शब्दांचं कागदावर गणित करणं, आणि हे खरंच पेन घेऊन करा. समजा हजार आफ्रिकन अमेरिकन पुरुष आहेत. ६ पैकी १ प्रमाणे त्यातल्या साधारण १६७ जणांना आयुष्यात निदान होणार. हजारातल्या १२० जणांकडे टी आहे, ८८० जणांकडे नाही. टीवाल्यांचे ऑड्स, म्हणजे कॅन्सर होणारे आणि न होणारे यांचं गुणोत्तर, दुप्पट धरा, ढोबळ हिशेबासाठी तेवढं पुरे. मग आकडे असे पडतात, १२० पैकी साधारण ३२ जणांना कॅन्सर आणि ८८० पैकी साधारण १३५ जणांना. टी असलेल्याची रिस्क आली २६-२७ टक्के, नसलेल्याची १५ टक्के. बघा, ऑड्स दुप्पट म्हणजे टक्केवारी बरोबर दुप्पट होत नाही. आणि टी असलेल्या चार जणांतल्या तिघांना हा कॅन्सर होणारच नाही, म्हणजे टी निघाला म्हणून आभाळ कोसळलं असं नाही. पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची, १६७ पैकी १३५ पेशंट तर टी नसलेल्यांतलेच आहेत! म्हणून "माझ्यात तो जीन नाही, मी सुटलो" असं कोणी म्हणालं तर त्याला हे गणित दाखवा. नसलेल्याची १५ टक्के रिस्क सुद्धा काही कमी नाही.

आता स्कोअरबद्दल. एकेक जागा बघण्याऐवजी शेकडो जागा मिळून एक पॉलिजेनिक स्कोअर काढतात. २०२१ च्या मोठ्या अभ्यासात, तेव्हा २६९ जागा होत्या, आफ्रिकन वंशाच्या पुरुषांचा सरासरी स्कोअर युरोपियन वंशाच्या पुरुषांच्या २.१८ पट निघाला आणि पूर्व आशियाई पुरुषांचा ०.७३ पट. हे वाचून लगेच "बघा, सगळं जीन्समुळेच" असं म्हणायचं नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जागा मुळात युरोपियन सॅम्पलमधून निवडलेल्या आहेत आणि अशा स्कोअरची दोन लोकसंख्यांमध्ये तुलना करणं नाजूक काम असतं. त्याच पेपरमधला दुसरा आकडा जास्त बोलका आहे, स्कोअर सगळ्यात वरच्या १० टक्क्यांत असेल तर मधल्या स्कोअरवाल्यांच्या मानाने युरोपियन पुरुषांत रिस्क ५ पट, आफ्रिकन वंशाच्या पुरुषांत ३.७४ पट. म्हणजे हा स्कोअर दोघांच्यात चालतो, पण जास्त रिस्कवाले वेगळे काढायचं काम आफ्रिकन पुरुषांत तितकं चांगलं करत नाही. तेव्हा कोणी स्कोअरचा रिपोर्ट हातात ठेवला तर विचारायचं, हा कुठल्या वंशाच्या लोकांवर तपासलाय? आणि हेही विचारायचं की हा नुसतं कॅन्सर होण्याबद्दल सांगतोय की तो आक्रमक असण्याबद्दलही, कारण प्रोस्टेट कॅन्सरमध्ये या दोन गोष्टींत खूप अंतर आहे, कित्येकांना असा कॅन्सर असतो जो आयुष्यभर त्रास देत नाही.

घरी थुंकी पाठवून करायच्या टेस्टबद्दल वेगळं सांगायला हवं. २३अँडमी या कंपनीला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२२ साली एचओएक्सबी१३ या जीनमधला जी८४ई हा बदल रिपोर्ट करायला मंजुरी दिली. हा बदल खरा आहे, रिस्क वाढवतो, पण तो मुख्यतः युरोपियन वंशात, त्यातही उत्तर युरोपात सापडतो. त्याच जीनमध्ये एक्स२८५के नावाचा दुसरा बदल आहे, तो पश्चिम आफ्रिकन मुळाच्या पुरुषांत दिसतो, दुर्मिळ आहे पण असला की रिस्क दुपटीच्या वर जाते. आता नायजेरियन माणसाने जी८४ई ची टेस्ट केली आणि निगेटिव्ह आली, तर त्याला काय कळलं? जवळपास काहीच नाही. जीनचं नाव तेच, पण तपासलेला बदल त्याच्या लोकांमधला नाही. रिपोर्टवर जीनच्या नावापुढे नेमका कुठला बदल तपासला ते बघायची सवय लावून घ्या.

आणि आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. आफ्रिकन अमेरिकन लोकांची मुळं बहुतांशी पश्चिम आणि पश्चिम-मध्य आफ्रिकेतली, वर सरासरी २० टक्के युरोपियन वंश. सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका इथल्या सेंटर्सनी मॅडकॅप नावाचं नेटवर्क उभं केलंय, त्यांनी युगांडाचाही डेटा घेऊन २०२४ साली नेचर जेनेटिक्समध्ये जे छापलं त्यात हेच ठळकपणे आलं की आफ्रिकेच्या एका भागातून दुसऱ्या भागात गेलं की रिस्कची जेनेटिक घडणच बदलते. त्याआधी २०२३ साली आफ्रिकन वंशाच्या १९ हजारांवर पेशंट्सच्या अभ्यासात ९ नव्या जागा मिळाल्या होत्या आणि त्यातल्या ७ मुख्यतः आफ्रिकन वंशातच दिसणाऱ्या. आपल्याकडे कर्नाटक, गुजरात आणि थोड्या प्रमाणात मुरुड-जंजिरा भागात सिद्दी समाज आहे, त्यांचा मोठा वंश-हिस्सा आफ्रिकेतल्या बांटू भाषिक लोकांशी जुळतो हे जेनेटिक अभ्यासात दिसलंय, पण म्हणून अमेरिकेतला ६ पैकी १ उचलून त्यांना चिकटवू नका. वंशातलं मिश्रण वेगळं, राहणीमान वेगळं, तपासण्या किती होतात ते वेगळं.

सगळं जीन्सवर ढकलायचं नाही हे सांगायला दोन उदाहरणं माझ्याकडे कायम तयार असतात. फ्रेंच कॅरिबियनमधली मार्टिनिक आणि ग्वाडलूप ही बेटं, तिथे केळीच्या बागांत १९७३ ते १९९३ क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक मारलं गेलं, ते मातीत अजून आहे, आणि २०१० साली ग्वाडलूपमधल्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांच्यात प्रोस्टेट कॅन्सरची रिस्क जास्त दिसली. दुसरं, अमेरिकेतली माजी सैनिकांची सरकारी आरोग्यसेवा, जिथे उपचार सगळ्यांना साधारण सारखे मिळतात. तिथल्या ६० हजार पेशंट्सच्या २०२० च्या अभ्यासात निदानानंतर १० वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण ब्लॅक पुरुषांत ४.४ टक्के आणि गोऱ्यांत ५.१ टक्के होतं. म्हणजे कॅन्सर होण्यात जीन्सचा वाटा आहेच, पण झाल्यावर मरणं किंवा जगणं यात डॉक्टरपर्यंत वेळेवर पोचायला मिळालं का, याचा वाटा प्रचंड आहे.

म्हणून आता करायचं काय ते. जेनेटिक टेस्टच्या आधी घरातली माहिती गोळा करा, ती फुकट आहे आणि अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. वडील, भाऊ, काका, आजोबा, मामा यांच्यात कोणाला प्रोस्टेट कॅन्सर होता का, कितव्या वर्षी कळला, त्यानेच गेले का. आणि बायकांबद्दल विचारायला विसरू नका, आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर कमी वयात झाला असेल तर बीआरसीए२ सारख्या जीनमधला बिघाड घरात असू शकतो आणि त्याने पुरुषांमध्ये आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरची रिस्क वाढते. बऱ्याच घरांत पुरुष हे बोलतच नाहीत, "लघवीचा त्रास होता" एवढंच पुढच्या पिढीला माहीत असतं, तेव्हा आत्याला किंवा काकूला विचारा, त्यांना बरोबर आठवतं.

वय झालं की पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून येणारं एक प्रोटीन मोजणारी रक्ताची टेस्ट. त्रास व्हायची वाट बघायची नाही, सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांना काही त्रासच नसतो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा सल्ला असा की आफ्रिकन अमेरिकन पुरुषांनी ४५ व्या वर्षी डॉक्टरशी याबद्दल बोलावं, आणि वडील-भावांपैकी एकापेक्षा जास्त जणांना कमी वयात झाला असेल तर ४० व्या वर्षी. प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने २०२४ साली ब्लॅक पुरुषांसाठी पहिली पीएसए ४० ते ४५ मध्येच करून ठेवा असं सांगितलं. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, ही टेस्ट मागता येते, पण प्रोस्टेट कॅन्सर यूके ही संस्था ब्लॅक पुरुषांना ४५ पासूनच जीपीशी बोला म्हणते, तेव्हा जीपीने "अजून वय नाही" म्हटलं तर शांतपणे वंश आणि घरातला इतिहास दोन्ही सांगा आणि नोंदवून घ्यायला लावा.

टेस्टच्या आधीचे ४८ तास सेक्स किंवा हस्तमैथुन नको, सायकलिंगसारखा जोरदार व्यायाम नको, युरीन इन्फेक्शन झालं असेल तर बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. आणि केस गळतात म्हणून फिनास्टराइड घेत असाल तर ते सांगाच, त्याने पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे कागदावर २ दिसला तरी खरा ४ च्या आसपास असू शकतो आणि हे डॉक्टरला माहीत नसेल तर अख्खी टेस्ट दिशाभूल करते.

आकडा जास्त आला तर लगेच सुई नाही. पुन्हा एकदा टेस्ट, मग एमआरआय, त्यात संशयास्पद दिसलं तर बायोप्सी, म्हणजे सुईने प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासणं. बायोप्सीत सौम्य ग्रेडचा निघाला तर अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्स, म्हणजे ऑपरेशन न करता ठरलेल्या वेळी तपासत राहणं, हा पर्याय ब्लॅक पुरुषांनाही असतो, फक्त तारखा चुकवायच्या नाहीत. कॅन्सर पसरलेला असेल किंवा घरात बीआरसीएचा संशय असेल तर जन्मजात जीन्सची टेस्ट मागून घ्या, कारण बीआरसीए२ निघाला तर पसरलेल्या कॅन्सरमध्ये ओलापॅरिबसारखी औषधं चालू शकतात आणि भावा-मुलांनाही वेळेत तपासता येतं. त्या रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित असलेला बदल" अशी ओळ आफ्रिकन वंशाच्या लोकांना जास्त वेळा येते, डेटाबेसमध्ये त्यांच्यासारखे लोक कमी आहेत म्हणून. त्या एका ओळीवर कुठलाही उपचार ठरवू नका, रिपोर्ट फाइलला लावून ठेवा आणि दर वर्षा-दोन वर्षांनी जेनेटिक काउन्सेलरला विचारा की या बदलाचं वर्गीकरण बदललं का.